तल्हा

वडील सांगायचे, हे नाव पैगंबरांच्या एका सोबत्याचं.
लढाईत त्यांच्यावर येणारा बाण
त्याने स्वतःच्या हातावर घेतला
आणि हात लुळा पडला तो पडलाच.
आई परातीतली ज्वारी निवडत ऐकायची.
म्हणायची, असेल, थोर माणूस असेल,
पण त्या रात्री वेणा सुरू झाल्या तेव्हा
तो नव्हता माझ्या सोबतीला.
झाड होतं.

वादीच्या पल्याड, एकटं.
तल्ह म्हणजे त्या जातीचं सगळं रान,
तल्हा म्हणजे त्यातलं एक.
बाभळीच्या कुळातलं, करंगळीएवढे पांढरे काटे,
साल तांबडी, हात फिरवला
तर हळदीसारखी भुकटी लागते बोटांना.
दाई पोचायची होती.
आई बुंध्याला मिठी घालून उभी राहिली म्हणे.
तिच्या दंडावर अजून तीन ठिपके आहेत.
वाच, म्हणायची, तुझं नाव.

शाळेत उस्ताद जिब्रील होते, त्यांच्याजवळ
पुठ्ठा गेलेला, सुतळीने बांधलेला शब्दकोश.
दर गुरुवारी एकेका पोराचं पान निघायचं.
माझ्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली,
ता, लाम, हा,
आणि पानावरून बोट खाली सरकवत राहिले.
झाड, ते म्हणाले. काटेरी. उंट आवडीने खातात.
मग म्हणाले, केळसुद्धा.
स्वर्गात घडांनी लगडलेलं जे झाड आहे
ते केळीचं, असं काही जुने जाणकार मानतात.
वर्ग हसला. कुणीतरी मला सोलून दाखवलं.
मग, चालून चालून झिजलेलं जनावर,
मदार उतरलेली उंटीण.
पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली
आणि सुतळी बांधली.
ती मी मधल्या सुट्टीत काढून पाहिली.
चांगला या शब्दाच्या उलट, असं होतं.

घरी फक्त केळीचं सांगितलं.
आई इतकी हसली की गोधडीतून धूर बाहेर आला.
ती खड्ड्यावर बसली होती,
खाली तल्हाची लाकडं धुमसत होती,
जशा आमच्याकडच्या सगळ्या लेकुरवाळ्या बसतात
महिन्यातून एकदा, गळ्यापर्यंत लोकर ओढून,
कातडीला रंग आणि वास चढेपर्यंत.
आठवडाभर ती जिथून जाई तिथे
मागे तो वास राही.
अंधारातही कळायचं, आई इथे होती.

मग जून आला. गावाचं काय झालं
ते मी या कवितेत घेणार नाही.
वडील निघाले नाहीत एवढंच.
सरहद्दीपर्यंत कोशातली तिसरी ओळ
मी पायांनी वाचली.
पलीकडे टेबलामागच्या पोरीने नाव विचारलं,
परक्या लिपीत लिहिलं, एक अक्षर गाळून.
म्हटलं, राहू दे. तिच्यामागे रांग होती,
माझ्यामागेही.

छावणीत लाकूड मिळत नाही.
बायका पहाटे जातात, दुपार कलली की येतात,
आणि एखादी येत नाही.
काल आईने मोळी टाकली, चूल पेटवली, पातेलं ठेवलं.
सगळं भिजलेलं, धूरच धूर.
शेजारणीने तोंडाला पदर लावला, पोरं खोकत पांगली.
आई मात्र उठून
वारा जिकडे धूर नेत होता तिकडे जाऊन उभी राहिली.
हात थोडे वर. डोळे मिटलेले.
बाही खांद्याकडे घसरली, ते तीन ठिपके दिसले.

तल्हा, ती म्हणाली.
मी ओ दिली, पाण्याचा डबा ठेवून दोन पावलं गेलोही.
ती मला हाक मारत नव्हती.